मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर : प्रश्न काडतुसाचा

‘रिव्हॉल्व्हर आणि जिवंत काडतुसे जप्त’ ही ओळ वृत्तपत्राच्या वाचकाला नवी नाही. अशा बातमीत शस्त्राचा बोअर दिलेला असतो, काडतुसांची संख्या दिलेली असते. ती काडतुसे कोणत्या जातीची होती, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शस्त्रांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो. रिव्हॉल्व्हर हे गोळी सोडणारे यंत्र आहे. सुटलेली गोळी लक्ष्यात किती खोल जाईल, तेथेच थांबेल की आरपार जाऊन मागच्या माणसाला लागेल, आणि दुसरी गोळी झाडेपर्यंत झाडणाऱ्याचा हात ताब्यात राहील काय, हे बव्हंशी काडतूस ठरविते.

ज्याची गोळी सुमारे ०.४० इंच किंवा त्याहून जाड असते, अशा रिव्हॉल्व्हरला सर्वसाधारणपणे मोठ्या बोअरचे म्हटले जाते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश .४५५ वेब्ली, अमेरिकेचे १८७३ मधील .४५ कोल्ट, १९५५ च्या अखेरीस आलेले .४४ मॅग्नम आणि २००३ मधील .५०० स्मिथ अँड वेसन ही त्यांतील ठळक नावे. आज या शस्त्रांचे मुख्य घर अमेरिका आहे. तेथील शिकारी, अलास्काच्या जंगलात काम करणारे कर्मचारी आणि घराच्या संरक्षणासाठी शस्त्र बाळगणारे नागरिक यांना दुकानात मांडलेल्या अनेक प्रकारांतून आपले काडतूस निवडावे लागते. या निवडीमागचा इतिहास मात्र लंडन, मनिला, शिकागो असा फिरून आलेला आहे आणि कोलकात्याजवळच्या डमडमचेही त्यात एक प्रकरण आहे.

काडतुसाची घडण

बोलण्यात काडतुसालाच गोळी म्हणण्याची रीत असली, तरी गोळी हा काडतुसाच्या चार भागांपैकी एक. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेला प्राइमर, आतील धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट दाबून बसविलेली गोळी, असे हे चार भाग होत. चाप ओढला की घोडा पडतो, प्राइमर पेट घेतो, दारू जळून तिचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीत ढकलली जाते. नळीच्या आतील सर्पिल आट्यांमुळे ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्याकडील सोनाराची गुंज जशी बीवरून आली, तसे हे माप धान्याच्या दाण्यावरून आले. एका ग्रॅमचे सुमारे साडेपंधरा ग्रेन होतात. .४४ मॅग्नमची सर्वांत रूढ गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची असते.

नावातील आकड्यावर मात्र फार विसंबून चालत नाही. .४४ मॅग्नमच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.४२९ ते ०.४३० इंच असतो, तर .३८ स्पेशल या नावाने विकल्या जाणाऱ्या काडतुसाची गोळी ०.३५७ इंचांच्या आसपास भरते. नावे परंपरेने चालत आली आहेत. म्हणून नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावर ठोकलेले पूर्ण नाव जुळते काय, हे पाहणे ही निवडीची पहिली पायरी मानली जाते.

डमडम आणि हेग

ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्याच्या .४५५ काडतुसाची गोळी जाड, जड आणि संथ होती : वजन २६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला १८० ते १९० मीटर. नळी आखूड आणि अंतर थोडे असल्याने वेगाची उणीव वजनाने भरून काढावी, हा त्यामागचा विचार.

त्याच सुमारास सैन्याच्या रायफलींबाबत उलटा अनुभव येत होता. .३०३ रायफलची धातूचे कवच असलेली बारीक गोळी वेगवान असली, तरी ती शरीरातून सरळ निघून जाते आणि माणूस चालून येतच राहतो, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर झाली. त्यावर उपाय म्हणून डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. शरीरात शिरताच तिचे टोक पसरत असे आणि जखम मोठी होत असे. ‘डमडम’ हे नाव पुढे अशा प्रत्येक गोळीला चिकटले.

हाच विचार रिव्हॉल्व्हरपर्यंतही पोहोचला. १८९८ मध्ये .४५५ साठी मार्क ३ हे काडतूस आले. त्याच्या गोळीचे पुढचे टोक वाटीसारखे पोकळ होते आणि ‘मॅनस्टॉपर’, म्हणजे माणसाला थोपविणारी, या नावाने ती ओळखली जाई. पण २९ जुलै १८९९ रोजी हेग येथील परिषदेत शरीरात पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे जाहीरनाम्याने ठरले. ब्रिटनने त्या जाहीरनाम्याला संमती दिली ती १९०७ मध्ये. परंतु मार्क ३ काडतूस १९०० मध्येच सैन्याच्या वापरातून काढून घेण्यात आले आणि गोल टोकाची जुनी गोळी परत आली.

हेगचा नियम युद्धापुरता आहे. पोलीस आणि शिकारी यांना तो लागू होत नाही. त्यामुळे जी गोळी सैनिकाला निषिद्ध, तीच अनेक देशांत पोलिसाच्या कमरेला असते. या विसंगतीचे कारण पुढे येईल.

मनिला ते शिकागो

अमेरिकी सैन्याने १८९० च्या दशकात आपले जुने .४५ कोल्ट बाजूला सारून .३८ लाँग कोल्ट हे हलके काडतूस घेतले होते. फिलिपिन्समधील लढायांत, विशेषतः मोरो योद्ध्यांशी झालेल्या जवळच्या चकमकींत, या काडतुसाच्या अनेक गोळ्या लागूनही हल्लेखोर थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हर कोठारांतून काढून पुन्हा पाठवावी लागली.

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन आणि लष्करी वैद्यकीय विभागातील लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर, तसेच मृतदेहांवर वेगवेगळ्या काडतुसांच्या चाचण्या घेतल्या. सैन्याच्या हातशस्त्राची गोळी ०.४५ इंचापेक्षा लहान असू नये, हा त्यांचा निष्कर्ष अमेरिकेच्या पुढील कित्येक दशकांच्या धोरणाचा पाया ठरला. त्या चाचण्यांवर नंतर बरीच टीका झाली. जनावरांची संख्या थोडी होती, प्रत्येकाला गोळी एकाच ठिकाणी लागली नव्हती, आणि त्यामुळे एका काडतुसाची दुसऱ्याशी तुलना काटेकोर नव्हती.

त्याच अहवालातील दुसरी शिफारस मात्र फारशी उद्धृत होत नाही. हातशस्त्र बाळगणाऱ्या सैनिकाकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा, असे या दोघांनी म्हटले होते. गोळी कितीही जाड असली, तरी ती मर्मस्थानी लागली नाही तर शत्रू तत्काळ थांबत नाही, हे त्यांना गुरांवरील चाचण्यांतच दिसले होते.

ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर याच दुसऱ्या शिफारशीच्या दिशेने पाऊल टाकले. अल्प मुदतीत तयार केलेल्या सैनिकाला .४५५ वेब्लीचे वजन आणि धक्का झेपत नाही, हे ध्यानात घेऊन .३८ बोअरची निवड झाली आणि १९३२ मध्ये त्या बोअरचे एनफिल्ड रिव्हॉल्व्हर अधिकृत झाले. गोळी सुरुवातीला २०० ग्रेनची, शिशाची होती. उघडे शिसे हेगच्या शब्दांत अडकेल, या शंकेने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या जागी धातूचे कवच असलेली १७८ ग्रेनची गोळी आली. एकच प्रश्न समोर असताना एका देशाने मोठा बोअर धरला आणि दुसऱ्याने सोडला. दोघांच्याही निर्णयाला कारणे होती.

मॅग्नमचा उदय

आयडाहो राज्यातील पशुपालक, शिकारी आणि लेखक एल्मर कीथ यांना लहान बोअरचे आकर्षण नव्हते. १९०७ च्या सुमारास आलेले .४४ स्पेशल हे काडतूस त्यांच्या आवडीचे. पण कारखान्यातून येणारी त्याची काडतुसे त्यांना फार मवाळ वाटत. स्वतः जड गोळ्या ओतून आणि अधिक दारू भरून त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि काडतूस व शस्त्र बनविणाऱ्या कंपन्यांकडे पाठपुरावा केला. त्यातूनच रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी मिळून .४४ मॅग्नम बाजारात आणले.

स्पेशल आणि मॅग्नम यांतील अंतर आकड्यांत पाहण्यासारखे आहे. स्पेशलची २४६ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा ४२० ज्यूलच्या आसपास भरते. मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी सुमारे ३६५ मीटर वेगाने गेल्यास ऊर्जा हजार ज्यूलच्या वर जाते. वजन जवळजवळ तेच, वेग दीडपटीहून थोडा जास्त, ऊर्जा अडीच पट. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १५,५०० पौंड, तर मॅग्नमचा ३६,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात ३० ते ३५ पौंड दाब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो.

एवढा दाब जुन्या स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये निर्माण झाला तर ते फुटू शकते. म्हणून मॅग्नमची पुंगळी मुद्दाम एक अष्टमांश इंच लांब ठेवली गेली. परिणामी मॅग्नम काडतूस स्पेशलच्या सिलिंडरमध्ये बसत नाही. उलट स्पेशल काडतूस मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये निर्धोकपणे वापरता येते.

१९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने हे शस्त्र जगभर पोहोचविले. त्याचाच पुढचा भाग असलेल्या १९७३ च्या ‘मॅग्नम फोर्स’मधील एक संवाद त्यामानाने कमी लोकांच्या लक्षात राहिला. क्लिंट ईस्टवुड यांनी रंगविलेला पोलीस अधिकारी तेथे सहकाऱ्याला सांगतो, की आपण या रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी काडतुसे वापरतो, कारण त्यांनी शस्त्र ताब्यात राहते. पडद्यावरील त्या दांडग्या प्रतिमेच्या तोंडी घातलेले हे वाक्य व्यवहाराला धरून होते. शहरी वापरासाठी .४४ मॅग्नम बाळगणारे अनेक जण प्रत्यक्षात स्पेशल किंवा कमी दाबाची मॅग्नम काडतुसेच भरतात.

गोळी काय करते

चित्रपटात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो. पदार्थविज्ञानाच्या हिशेबात हे बसत नाही. साडेपंधरा ग्रॅमची गोळी ३६५ मीटर वेगाने येऊन सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम आठ सेंटिमीटर असतो. आघाताने माणूस उडत असता, तर गोळी झाडणाराही मागे उडाला असता. हातशस्त्राची गोळी परिणाम करते ती तिच्या मार्गात आलेल्या ऊती फाडून. म्हणून ती किती खोल जाते आणि किती रुंद मार्ग करते, हेच दोन मुख्य प्रश्न उरतात.

खोलीचे महत्त्व ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीने अधोरेखित केले. एफबीआयच्या दोन अधिकाऱ्यांचा त्यात मृत्यू झाला आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची पसरणारी गोळी त्याच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयापर्यंत न पोहोचता अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. या घटनेच्या चिकित्सेतून १९८९ मध्ये एफबीआयने आपले निकष ठरविले. लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी रूढ केलेल्या पद्धतीनुसार ठरावीक घनतेच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडायची. ती किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर जावी आणि १८ इंचांपलीकडे जाऊ नये. कपडे, काच, पत्रा, प्लायवूड असे अडथळे मध्ये ठेवूनही चाचणी होऊ लागली. आज काडतुसांच्या खोक्यांवर जे दावे असतात, ते बहुतेक याच मापाने पारखले जातात.

खालची मर्यादा गुन्हेगार थांबावा म्हणून आहे आणि वरची मर्यादा त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसासाठी. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९८ मध्ये पूर्ण कवचाच्या गोळ्या सोडून पोकळ टोकाच्या गोळ्या घेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आरपार जाणाऱ्या गोळ्यांनी भलतेच लोक जखमी होतात, हेच मुख्य कारण दिले गेले. पोकळ टोक शरीरात पसरते, गोळीचा वेग मोडतो आणि ती सहसा आतच राहते. युद्धात जे क्रूर ठरले, ते शहराच्या गर्दीत त्रयस्थाचे रक्षण करणारे मानले गेले. यावर सर्वांचे एकमत आहे असे नाही. अमेरिकेतीलच न्यू जर्सी राज्यात अशा गोळ्या बाळगण्यावर कायद्याने बरेच निर्बंध आहेत.

टोकाचे प्रकार

मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी मिळणाऱ्या गोळ्यांचे ढोबळमानाने पाच वर्ग करता येतात.

साधी शिशाची गोळी सर्वांत जुनी आणि स्वस्त. कमी वेगाला ती उत्तम. वेग वाढला की मऊ शिसे नळीच्या आट्यांत घासून चिकटते आणि नेम बिघडतो.

वॉडकटर आणि सेमी-वॉडकटर यांची टोके सपाट व कडा धारदार असतात. पहिलीने कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पडते, म्हणून ती नेमबाजांची. दुसरीचा कीथ यांनी पुरस्कार केलेला नमुना आजही प्रचलित आहे.

पूर्ण धातूच्या कवचाची गोळी पसरत नाही आणि नळी मळवीत नाही. सरावाला ती सोयीची. गर्दीच्या ठिकाणी मात्र आरपार जाण्याचा धोका मोठा.

पोकळ टोकाची गोळी पसरण्यासाठी तिला ठरावीक वेग लागतो. आखूड नळीतून तो मिळाला नाही, किंवा जाड कपड्याचे धागे पोकळीत कोंबले गेले, तर ती साध्या गोळीसारखीच वागते.

कठीण शिशाची, रुंद सपाट टोकाची गोळी हा पाचवा वर्ग. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती ओततात. जाड कातडी, स्नायू आणि हाड भेदून ती न पसरता सरळ खोल जाते. मोठ्या श्वापदांसाठी हिचा आग्रह धरला जातो.

यांच्या जोडीला आता शुद्ध तांब्याच्या गोळ्या आल्या आहेत. शिशाचे कण पोटात गेल्याने कॅलिफोर्नियातील दुर्मीळ काँडोर गिधाडांना विषबाधा होते, हे दिसून आल्यावर त्या राज्याने शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १ जुलै २०१९ पासून ती पूर्णपणे लागू झाली.

अस्वलांच्या प्रदेशात

मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरची चर्चा अखेर अलास्कातील तपकिरी अस्वलापाशी येऊन ठेपते. येथे शहराचा नियम उलटा होतो. चाल करून येणाऱ्या अस्वलाची कवटी आणि खांद्याची हाडे भेदण्यासाठी खोली हवी, पसरणे नको. घराच्या रक्षणासाठी योग्य ठरणारी पोकळ टोकाची हलकी गोळी अस्वलाच्या स्नायूंत उथळच थांबू शकते. तर अस्वलासाठी घेतलेली कठीण शिशाची गोळी घरात झाडली, तर अमेरिकी घरांच्या जिप्समच्या पातळ भिंती एकामागून एक ओलांडून शेजारच्या खोलीत जाते. शस्त्र तेच असूनही काडतूस बदलावे लागते, ते यासाठी.

यासंबंधीचे दोन अभ्यास लक्ष वेधून घेतात. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अलास्कातील ८३ घटना तपासल्या, ज्यांत लोकांनी मिरचीच्या अर्काचा फवारा वापरला होता. तपकिरी अस्वलांबाबत ९२ टक्के वेळा फवाऱ्याने त्यांचे आक्रमक वा त्रासदायक वर्तन थांबले आणि फवारा वापरणाऱ्या माणसांपैकी ९८ टक्के लोकांना कोणतीही इजा झाली नाही. २०१२ मध्ये त्यांनी १८८३ ते २००९ या काळातील, बंदुका असलेल्या २६९ घटना तपासल्या. हातशस्त्रे ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा अस्वल थोपवू शकल्या. मात्र बंदूक हाती असूनही ती न झाडलेल्या आणि झाडलेल्या माणसांच्या जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. अपयशाची कारणे काडतुसाच्या ताकदीपेक्षा अधिक साधी होती : वेळ मिळाला नाही, अस्वल फार जवळ आले होते, शस्त्र अडकले, नेम चुकला.

दोन्ही अभ्यासांतील घटना वेगवेगळ्या प्रकारच्या असल्याने त्यांचे आकडे एकमेकांसमोर मांडताना सावधगिरी हवी. तरीही, सर्वांत शक्तिमान काडतूस घेतले म्हणजे जीव सुरक्षित झाला, या समजुतीला त्यांतून आधार मिळत नाही.

बसते म्हणून चालते असे नाही

रिव्हॉल्व्हरचे बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे असतात. .४५ कोल्ट हे काडतूस काळ्या दारूच्या काळातले. त्याचा मानक दाब चौरस इंचाला १४,००० पौंड. आज काही कंपन्या भक्कम आधुनिक रिव्हॉल्व्हरसाठी याच नावाची पण कितीतरी तीव्र काडतुसे बनवितात. ती १८७३ च्या नमुन्याच्या जुन्या शस्त्रात सहज बसतात आणि शस्त्रासह हात निकामी करू शकतात. .४५४ कॅसुल हे .४५ कोल्टचे लांब केलेले रूप. त्याचा कमाल दाब ६५,००० पौंड.

वेब्लीची कथा अशीच आहे. अमेरिकेत गेलेल्या अनेक .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरची सिलिंडर मागून तासून त्यांत सहज मिळणारी .४५ पिस्तुलाची काडतुसे बसतील, अशी सोय करण्यात आली. पण त्या काडतुसांचा दाब वेब्लीच्या मूळ क्षमतेपलीकडचा आहे. म्हणून जाणकार जुन्या वेब्लीमध्ये कमी दाबाची काडतुसेच वापरण्याचा सल्ला देतात.

स्पेशल काडतुसे मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये चालत असली, तरी आखूड पुंगळीच्या पुढे घरात काजळीचे कडे साचते. ते साफ न करता लांब मॅग्नम काडतूस घातले तर ते घट्ट बसते. झाडल्यावर नेहमीचा मोठा आवाज न होता नुसता ‘फट्’ झाला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरी गोळी झाडणे म्हणजे नळी फोडून घेणे.

धक्का, आवाज आणि हात

काडतुसाची ताकद वाढली की तिची किंमत हात आणि कान मोजतात. पूर्ण आकाराचे .४४ मॅग्नम सुमारे १.३ किलो भरते. बाळगायला सोपे म्हणून हलक्या मिश्रधातूची सुमारे ७०० ग्रॅमची रिव्हॉल्व्हर निघाली. पण वजन निम्म्यावर आले की तेच काडतूस हाताला जवळजवळ दुप्पट ऊर्जेचा धक्का देते. अशा धक्क्याची धास्ती बसलेला नेमबाज चाप पुरता ओढण्यापूर्वीच दचकतो आणि नेम खाली जातो. शिवाय हलक्या रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने सिलिंडरमधील न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी गोळी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की ते फिरणेच थांबते आणि शस्त्र ऐन वेळी निकामी होते.

अमेरिकेतील कामगार सुरक्षेचे नियम क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबलची मर्यादा घालतात. मोठ्या रिव्हॉल्व्हरचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो. बंद खोलीत, कानांना संरक्षण नसताना, अशी एक गोळीही श्रवणशक्तीची कायमची हानी करू शकते. आखूड नळीत दारू पूर्ण जळत नाही. ती नळीच्या तोंडाशी भडकते आणि अंधारात झाडणाऱ्याचेच डोळे दिपतात.

२०१४ नंतर एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरच्या लहान काडतुसाकडे वळली. गोळ्यांची घडण सुधारल्याने मोठ्या व लहान काडतुसांच्या परिणामांतील अंतर कमी झाले आहे आणि कमी धक्क्यामुळे अधिकाऱ्यांचा नेम सुधारतो, असे कारण दिले गेले.

भारतातील स्थिती

भारतात हा प्रश्न बहुतांशी कायद्यानेच सोडविला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली केलेल्या १९६२ च्या नियमांत ०.३८० आणि ०.४५५ इंचांची सैनिकी काडतुसे ज्यात चालू शकतील, अशी रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरच्या वर्गात टाकण्यात आली. सैन्याचा दारूगोळा नागरी हातांत जिरू नये, हा त्यामागील तर्क उघड आहे. म्हणूनच परवानाधारकाकडे आढळते ते प्रामुख्याने ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या शासकीय कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ही त्याच बोअरचे. किती काडतुसे घेता येतील, याची मर्यादा परवान्यावर नमूद असते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक शस्त्रे बाळगता येत नाहीत.

काडतुसांच्या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पितळी पुंगळीच्या बुडावर ठोकलेली ‘केएफ’ ही त्याची अक्षरे जगभरचे काडतूस-संग्राहक ओळखतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन दारूगोळा बनविणारे कारखाने ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेले, तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

निवडीचा क्रम

जिथे कायदा अशी शस्त्रे बाळगू देतो, तिथेही जाणकारांचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो :

१. नळीवरील आणि काडतुसावरील पूर्ण नाव जुळते काय आणि शस्त्राचे वय व क्षमता त्या दाबाला पुरेशी आहे काय.

२. काम कोणते : कागदी लक्ष्य, शिकार, श्वापदापासून बचाव की घराचे रक्षण.

३. लक्ष्याच्या मागे काय आहे : डोंगर, झाडी, भिंत की माणसे.

४. झाडणाऱ्याला त्या काडतुसाने लागोपाठ नेम धरता येतो काय. नसल्यास एक पायरी खाली उतरावे.

५. निवडलेली काडतुसे स्वतःच्या शस्त्रातून पुरेशी झाडून पाहिली आहेत काय. सरावाला हलकी आणि प्रसंगासाठी भारी अशी फारकत असू नये.

या क्रमात ताकद स्वतंत्रपणे कोठेच येत नाही. १९०४ मध्ये शिकागोत ती पहिल्या क्रमांकावर होती. त्यानंतरच्या शतकभरात जखमांच्या चिकित्सेने, न्यायालयांनी आणि आरपार गेलेल्या गोळ्यांनी तिचे स्थान खाली आणले आहे. नळीतून सुटलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी, ती कोठेही जाऊन थांबली तरी, झाडणाऱ्याचीच राहते. म्हणून निवडीचा बहुतेक विचार दुकानातच करून ठेवावा लागतो. चाप ओढताना त्याला वेळ उरत नाही.